या, बसा!

आपल्याकडे पाहुणा उंबऱ्याशी आला की यजमानाच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "या, बसा." पाणी त्यानंतर येते, चहा त्याच्याही नंतर. घरी आपण ही रीत कधी चुकत नाही. शहराच्या वतीने यजमानपण करण्याची पाळी आली की मात्र ती साफ विसरतो. बडोद्यास कोणी आले की आपण विचारतो, "काय खाणार? काय पाहणार?" कोठे बसणार, हे कोणीच विचारीत नाही. मीही विचारीत नसे. गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या मावशीने मला तो धडा दिला.

मावशी पुण्याची. वय पंच्याहत्तरीच्या घरातले. बरोबर मुलगा आणि सून. मावसभावाने मोबाईलवर एक यादी उतरवून आणली होती. तीत सतरा ठिकाणे आणि हाताशी दिवस दोन. यादीच्या पहिल्या पाचांत भाकरवडीचे नाव पाहून मी चकित झालो. पुण्याहून निघून बडोद्यास भाकरवडी खायला आलेला माणूस मी प्रथमच पाहत होतो. तसे म्हणालो, तेव्हा तो गंभीरपणे उत्तरला, "दादा, तुलना करायची आहे." तुलनेचा निकाल त्याने अद्याप कळविलेला नाही. त्याला पुण्यातच राहायचे आहे, हे लक्षात घेता ते शहाणपणाचेच झाले.

पहिल्या सकाळी आम्ही लक्ष्मीविलास राजवाडा पाहिला. मेजर मँट याने आखलेली आणि चिझम याने तडीस नेलेली ही वास्तू १८९० साली पुरी झाली. तिच्याविषयी आता नव्याने काय सांगावे? याच राजवाड्यासाठी सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे काढवून घेतली. राजवाड्याच्या आवारातच १९६१ साली उघडलेले महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. रविवर्म्याची चित्रे डोळे भरून पाहायची तर तेथे निवांत वेळ काढून जावे. कॅलेंडरावर आणि देवघरात लहानपणापासून पाहिलेल्या आकृती मूळ रंगांत समोर आल्या की मनुष्य क्षणभर गप्प होतो. सून गप्प झाली, मावसभाऊही झाला. मावशी मात्र हळूच म्हणाली, "फार सुंदर आहे रे. पण सगळीकडे उभ्यानंच बघायचं का?"

मी ते हसण्यावारी नेले.

दुपारी सेवउसळ खायची ठरली. याबाबतीत माझा थोडा पक्षपात आहे, तो आधीच कबूल करतो. मराठी माणसाने या शहराला दिवाण दिले, गवई दिले, मास्तर दिले. त्यांतले पुष्कळसे इतिहासजमा झाले. उसळ मात्र टिकली. वाटाण्याची उसळ आपल्या स्वयंपाकघरातून निघाली, तिने गुजराती शेवेचा हात धरला, वर लाल तिखट तरी, कांद्याची पात आणि लिंबू आले, सोबत पाव आला, आणि आज बडोदेकर म्हणवून घेणारा कोणत्याही भाषेचा मनुष्य तिच्यावर आपला हक्क सांगतो. महाकालीची सेवउसळ खाल्ली नाही तर बडोदे पाहिले कसे, असे लोक विचारतात. दोन भाषांच्या सलोख्यावर परिसंवाद भरविणाऱ्यांनी मधल्या सुटीत ही बशी फिरवावी. अर्धे भाषण तीच करील.

त्याखेरीज जगदीशची भाकरवडी आणि लीलो चेवडो. तळलेला बटाटा, हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि साखर यांचा हा ओलसर चिवडा कोरड्या चिवड्याला सोकावलेल्या पुणेकराला प्रथम गोंधळात टाकतो आणि दुसऱ्या मुठीला वश करतो. रावपुऱ्यात दुलीरामचे पेढे आहेतच. खाण्याची चिंता बडोद्यात कधी पडत नाही. पडली ती बसण्याची.

त्या दुपारी उन्हाचा ताव होता आणि मावशीचे गुडघे बोलू लागले होते. एका गार हवेच्या उपाहारगृहात शिरलो. खाऊन झाल्यावर पुरती पाच मिनिटेही गेली नसतील, तोच वेटराने न मागता बिल आणून ठेवले. नंतर टेबल पुसले. नंतर, आम्ही बसलेलो असतानाच, ते पुन्हा पुसले. मावशी जुन्या वळणाची. ती चटकन उठली. "चला, त्यांचा खोळंबा होतोय," म्हणाली. बाहेर पडून एका तळ्याच्या काठी गेलो. तेथे कठडा नवा होता, दिवे नवे होते, रंगही ओला वाटावा इतका नवा होता. बाक मात्र होते ते उन्हात. सावलीतल्या एका पायरीवर मावशी टेकली, तर रखवालदाराने शिटी फुंकली. पायरीवर बसण्यास मनाई होती.

शेवटी रिक्षा केली आणि कमाटीबागेत गेलो. सयाजीबाग हे तिचे कागदावरचे नाव, तोंडातले कमाटीबागच. फाटकाबाहेर काळा घोडा, आत शिरताच झाडांची गर्द सावली. प्राणिसंग्रहालयाला तिकीट आहे, बागेत नुसते जाऊन बसण्यास नाही. एका मोठ्या झाडाखालच्या बाकावर मावशी बसली, चपला काढल्या, पाय थोडे लांब केले आणि म्हणाली, "आता मी इथनं हलायची नाही. तुम्हाला जायचंय तिथं जा."

आम्ही कोठेही गेलो नाही. समोरून शाळकरी पोरे खेळण्यातल्या आगगाडीकडे धावत होती. शेजारच्या बाकावर दोन वृद्ध गृहस्थ गुजरातीत आपल्या सुनांची तुलना करीत होते. मावशीला गुजराती येत नाही. तरी पाऊण तासाने तिला दोन्ही सुनांची कुंडली ठाऊक झाली होती. यादीतली नऊ ठिकाणे राहून गेली, आणि परत जाताना तिने सर्वांत जास्त आठवण काढली ती या बाकाची.

तेव्हापासून माझे असे मत बनले आहे की, शहराचा पाहुणचार त्याच्या राजवाड्यावरून किंवा ताटावरून जोखू नये. परक्या माणसाला, काही विकत न घेता, कोणाची परवानगी न मागता, तेथे किती वेळ बसता येते यावरून जोखावा. आणि या कसोटीवर बडोदे एके काळी फार वरच्या पायरीवर होते.

कमाटीबाग लोकांसाठी खुली झाली ती १८७९ साली. त्या वेळी सयाजीराव महाराज अजून अज्ञान होते. कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता आणि महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले ते १८८१ साली. म्हणजे लक्ष्मीविलास पुरा होण्याच्या अकरा वर्षे आधी या शहरात प्रजेची बाग उघडली होती. राजाच्या वाड्याआधी रयतेची सावली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पुढे महाराजांनी हाच धागा लांबविला. बागेतच १८९४ साली संग्रहालय उघडले. तेथला निळ्या देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी पाहण्यास पोरे आजही ओढीने जातात. जाणकाराने अकोट्यास सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींपुढे थांबावे. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणविला आणि त्याच्याकरवी मध्यवर्ती ग्रंथालय उभारविले. मांडवीजवळच्या या ग्रंथालयातील पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. हेतू असा की, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा. शहरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला परवानगी काढून मी हे काचेचे मजले दाखवीन. ज्याला शहरात यायला जमत नसे त्याच्या गावी पुस्तकांच्या पेट्या जात. मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ साली सबंध संस्थानात लागू झाले, ही गोष्ट आपण भाषणांत वारंवार सांगतो. शिकलेल्या माणसाने वाचायला बसावे कोठे, याचाही विचार त्याच दरबाराने केला होता, हे मात्र सांगायचे राहून जाते.

येथपर्यंत लिहून लेखणी खाली ठेवावी आणि जुन्या बडोद्याला नमस्कार करावा, असा मोह होतो. पण तसे केले तर अर्धीच हकीकत सांगितल्यासारखे होईल. कारण याच बागेत, याच झाडांखाली, एक असा पाहुणा बसला होता की ज्याला सबंध शहरात दुसरी जागा नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये अध्ययन करून, करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास आले. त्या काळच्या जगातील उत्तम विद्या घेऊन आलेल्या या तरुणाला बडोद्यात राहण्यास खोली मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नव्हता. पारशी नाव घेऊन ते एका पारशी उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगितले गेले. ज्या दोघा स्नेह्यांकडे ते गेले त्यांनीही घरी ठेवून घेण्यास असमर्थता दाखविली. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. त्या वेळी आपल्याला आईवडिलांची आठवण झाली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

त्या काळी या शहरात मराठी बोलणारे वाडे काही थोडे नव्हते. दांडिया बाजारापासून वाडीपर्यंत ओसऱ्या होत्या, झोपाळे होते, पानाचे तबक होते. बाबासाहेबांच्या त्या हकीकतीत एकाही दारातून "या, बसा" हे शब्द ऐकू येत नाहीत. ज्या महाराजांनी त्यांना समुद्रापार पाठविले, त्यांच्याच राजधानीत हे घडले. महाराजांचा हुकूम कचेरीपर्यंत पोहोचत होता. ओसरीपर्यंत पोहोचत नव्हता.

बागेतील वडाखालची ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे दुरून लोक येतात. आपण आपल्या पाहुण्यांना बागेतली आगगाडी दाखवितो, फुलांचे घड्याळ दाखवितो. येथे किती जण नेतात? मी स्वतः इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याला नेले नव्हते. त्या दिवाळीत, दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रथम नेले. मावशी बराच वेळ उभी होती. नंतर एवढेच म्हणाली, "पाच तास म्हणजे फार झाले रे."

बाकाचे महत्त्व मला तेव्हा पुरते कळले. सगळी दारे लागलेली असताना एक फाटक उघडे होते, कारण ते कोणाच्या मालकीचे नव्हते, सर्वांचे होते. बागेने त्या तरुणाला न्याय दिला असे कोणी म्हणणार नाही. पण "ऊठ" असेही म्हटले नाही. सार्वजनिक जागेची किंमत यात आहे.

आज जात विचारून कोणी उठवीत नाही, असे आपण मानतो. खोली भाड्याने शोधणाऱ्या कित्येकांचा अनुभव निराळा आहे, हेही आपण जाणतो. त्या जुन्या प्रश्नाच्या जोडीला आता नवा प्रश्न आला आहे: काय घेणार? घेत नसाल तर उठा. शहरात बसण्याच्या जागा कमी झालेल्या नाहीत. फुकट बसण्याच्या कमी झाल्या आहेत. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला गार हवेत गादीची खुर्ची आहे. भाजी विकून दमलेली बाई, गावाहून दवाखान्यात आलेले म्हातारे जोडपे, नोकरीच्या मुलाखतीसाठी सकाळीच येऊन पोहोचलेला मुलगा यांनी बसावे कोठे?

न्यायमंदिराचेच पाहा. १८९६ साली उघडलेली ही देखणी इमारत मुळात भाजीबाजारासाठी बांधावयास घेतली होती, असे सांगतात. पुढे तेथे न्यायालय आले. म्हणजे जेथे भाजीवाली बसावयाची तेथे न्यायाधीश बसले. २०१८ साली न्यायालये नव्या इमारतीत गेली. अशा वास्तूचे पुढे काय करावे, यावर विद्वान बोलतील ते बोलतील. माझी मागणी अगदी लहान आहे. जे काही कराल ते करा, पण तिच्या सावलीत चार बाक ठेवा आणि पाण्याचा एक नळ. भाजीवालीचे शतकापूर्वीचे देणे तेवढ्याने थोडे फिटेल.

विसाव्याच्या जागेला आणखी एक जबाबदारी असते, ती सुरक्षिततेची. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात नाव उलटून सहलीस आलेले बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. त्या दिवशी हे शहर यजमान म्हणून नापास झाले. करमणुकीची नवी साधने आणण्याची घाई आपल्याला असते. ती साधने नीट तपासण्याची नसते. मूल पालकांनी शहराच्या हवाली केलेले असते, हे ज्याला समजत नाही त्याने तळ्याकाठी दुकान मांडू नये. आणि नदीविषयीही एक शब्द. विश्वामित्रीच्या मगरी पाहुण्यांना पुलावरून दाखविण्यात आपल्याला मौज वाटते. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये तीच नदी घराघरांत शिरली. तिची पसरण्याची जागा आपण बळकावली तर तीही आपल्या बैठकीत येऊन बसणारच.

सर्व दोष सरकारवर आणि नगरपालिकेवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. आपल्या मराठी मंडळांच्या आणि संस्थांच्या दिवाणखान्यांचे काय? वर्षातून दहा-वीस कार्यक्रम होतात, एरवी कुलूप. दुपारी दोन ते पाच तेथील सतरंजी पसरून, चार वर्तमानपत्रे ठेवून, दार उघडे ठेवले तर काय बिघडेल? जुन्या पोळांतून घरापुढे ओटा असे. रस्त्याने जाणारा त्यावर टेकला तर त्याला कोणी कारण विचारीत नसे. आता ओट्यावर लोखंडी काटे किंवा कुंड्या आल्या आहेत. एक ओटा मोकळा करणे हे कोणाच्याही हातातले काम आहे. त्याला ठराव लागत नाही.

तर आता माझी यादी. बडोद्यास कोणी आले तर त्याला मी सकाळी लवकर कमाटीबागेत नेईन, संकल्पभूमीपाशी उभे करीन आणि मग झाडाखाली बसवीन. ऊन चढल्यावर संग्रहालय. तेथून जवळच कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या या स्मारकात नंदलाल बोस यांनी रंगविलेली भित्तिचित्रे आहेत. गंगावतरण आणि मीरेचे चरित्र एका छपराखाली पाहताना मान दुखते, पण मन भरते. दुपारी गुजराती थाळी, आणि जेवणानंतर ग्रंथालय. वाचण्यासाठी नव्हे तर निदान उजेडासाठी. चार वाजता रावपुऱ्यातील तांबेकरांचा वाडा. दिवाण भाऊ तांबेकरांच्या या लाकडी वाड्याच्या भिंतींवर पुराणातले देव आणि मराठ्यांच्या लढाया शेजारी शेजारी नांदतात. नंतर खंडेराव मार्केटच्या मागे फुलांचा वास घेत एक चक्कर, सुरसागराच्या काठाने पायी मांडवीपर्यंत, आणि दिवे लागले की सेवउसळ. राजवाडा? तो दुसऱ्या दिवशी. एवढी वर्षे उभा आहे, एक दिवस आणखी थांबेल.

आणि पाहुणा निघण्याच्या आधी त्याला पुन्हा अर्धा तास त्याच बाकावर बसवीन. काही दाखवायचे नाही, काही सांगायचे नाही. ज्या गावात मनुष्य निर्धास्त बसला त्या गावची त्याला ओढ लागते, असा माझा अनुभव आहे.

मावशी या हिवाळ्यात पुन्हा यायचे म्हणते. मुलाला तिने बजावले आहे की यादी आणू नकोस. मी तिला कळविले आहे: बाक आहे. तो तेथे राहील, सावलीत राहील आणि फुकट राहील, एवढे पाहणे आता आपणा बडोदेकरांकडे आहे.